डोल्माची खोली

ओळखीचे नाही आहात, म्हणूनच तुम्हाला सांगतेय. ओळखीच्यांना तर हे मी मुळीच सांगितलेलं नाही, घरात यांनाही नाही. महिला मंडळातल्या बायका विचारतात, "ताई, त्या परक्या लोकांसाठी एवढं का करता हो?" मी म्हणते, माणुसकी. कसली माणुसकी आलीय डोंबलाची!

दर हिवाळ्यात नगरला स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात, बघितलेच असतील तुम्ही. देश सुटलेली माणसं, कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीत राहणारी. त्यांतली डोल्मा. आमच्या केडगावात तिला कुणी खोली देईना. मी मागच्या गल्लीतल्या भानुदासमामांना शब्द दिला, तेव्हा मिळाली. गोधड्या दिल्या, शेगडी दिली, तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात नेलं. खूप केलं — हो, केलंच, त्यात खोटं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला मुद्दाम बोलावलं. मिरवायचं होतं मला, दुसरं काय? तर एकीनं तिला नवऱ्याचं विचारलं. ती सरळ म्हणाली, "नहीं रहे, दीदी." आता विधवेला कुंकू कसं लावायचं? माझा करंडा तिच्यापाशी आला आणि — पुढं गेला. वर मीच म्हणाले, डोल्मा, जरा चहाचं बघतेस? तिनं सगळ्यांचा चहा केला. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

पुढच्या संक्रांतीला ती माझ्याकडं आलीच नाही. बघते तर शेजारच्या सुनंदाच्या ओट्यावर, बायकांच्या मधोमध, कपाळाला ठसठशीत कुंकू — आणि हसतेय खदखदून! सुनंदानं तिच्यासाठी काडीचंही काही केलेलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खाल्ल्या मिठाला जागली नाही. दगा दिला हिनं मला. खरं सांगू? तो ओटा आठवला की अजूनही तसंच वाटतं.

हंगाम संपताना भानुदासमामा आले. "ताई, फुडल्या साली बी तिलाच द्यायची नव्हं खोली? बाई लई नेकीची हाय."

मी तिला चोर म्हणाले नाही, वाईट चालीची म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "मामा, आता मला मध्ये धरू नका. कानावर येतंय काहीबाही."

"काय येतंय?"

मी गप्प बसले. कानावर काही — काहीच आलेलं नव्हतं. पण एकट्या बाईबद्दल एवढं गप्प बसणं पुरतं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या हिवाळ्यात डोल्मा आली तर खोलीला कुलूप. मामांनी नाही म्हटल्यावर गल्लीतही कुणी दारात उभं करीना. सुनंदाचं घर दीड खोल्यांचं, ती तरी कुठं ठेवणार? मग डोल्मा आली कुणाकडं? माझ्याकडंच. "दीदी, आप बोलो ना मामा को." मी म्हणाले, बघते हं. बघितलं नाही. तो अख्खा हंगाम ती बाजारात, स्टॉलच्या ताडपत्रीखाली झोपली.

सकाळी काकडत माझ्याकडं पाणी न्यायला यायची. मी ते गरम करून द्यायची, आल्याचा चहा पाजायची. माझे हात धरून ती म्हणायची, "दीदी, यहाँ आपके सिवा मेरा कौन है?"

आणि मला बरं वाटायचं.