आश्रुबाची चकचकीत कातर

तेलगावच्या आश्रुबा न्हाव्याचा हात हलका, पण कान त्याहून हलके. लोक काय म्हणतील, याचीच त्याला भारी धास्ती. निजामाच्या मोगलाईतले दिवस, सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं, रोकड क्वचितच. म्हणून बापाची कातर तो जिवापाड जपायचा. काम झालं की पाती पुसायची, खिळ्याला करडईच्या तेलाचा थेंब सोडायचा, केसाशिवाय काही कापायचं नाही. एकदा बायकोनं, सारजाबाईनं, त्या कातरीनं दोरा कापला, तर आळीभर ऐकू जाईल असं त्यानं तिला झापलं होतं. "बाईचा हात लागला की धार जाती!"

विठ्ठलराव देशमुखांच्या नातवाचं जावळ ठरलं. तिथलं जावळ काढून मानाचा फेटा घेणं हा आश्रुबाच्या घरचा हक्क. जुनी कातर काळवंडलेली, धारही गेलेली. चार माणसांत ती काढायची त्याला लाज वाटली. केजच्या बाजारात दोन कातरी होत्या. एक ओबडधोबड, पण लोहारानं ठोकून केलेली, महाग. दुसरी स्वस्त आणि चकचकीत. कातर घेताना ओला कापूस कापून बघावा, असं बापानं शिकवलं होतं. आश्रुबानं पात्यात फक्त आपलं तोंड बघितलं आणि घेतली. घरी येऊन जुनी बायकोपुढं टाकली. "घे, गोधडीच्या चिंध्या काप."

जावळाला अंगण भरलेलं. पोर मामाच्या मांडीवर, आत्या केस झेलायला पदर पसरून बसलेली. पहिल्याच बटेला नवी कातर कापेना, नुसती चावायला लागली. पोरानं आभाळ डोक्यावर घेतलं.

"काय रं आश्रुबा, मेंढरू कातरतो का?" विठ्ठलराव गरजले. "जमत न्हाई तर दुसरा न्हावी बोलावतो."

अंगण हसलं. आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बायकांतून सारजाबाई पुढं आली आणि पदराखालची जुनी कातर मुकाट्यानं त्याच्यापुढं ठेवून मागं सरली. तिच्या बोटाला हळद लावलेली चिंधी होती. कातर केसांतून अशी फिरली की पोर रडायचं थांबलं.

"आता कशी! लई झकास धार हाय. कुणी लावली?" विठ्ठलरावांनी विचारलं.

चिंधी बघूनच आश्रुबाला कळलं होतं. पण 'बायकोनं' असं म्हटलं तर अंगण पुन्हा हसेल.

"मीच," तो म्हणाला.

त्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधला गेला. सारजाबाई पाठ फिरवून घरी गेली.

तो आला तेव्हा ती दुखरं बोट वर धरून भाकरी थापत होती.

"कवा लावलीस धार?"

"तुमी लावताना बघतेच की. तुमची नवी मी ओल्या कापसावर चालवली. चावत होती. मग जुनी दगडावर घेतली."

"मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं, तर हात लावला म्हणून वरडला असता."

आश्रुबानं फेटा उतरवला, टोकाची पट्टी फाडली आणि तिच्या बोटाला बांधली.

"अवं, मानाचा फेटा हाय!"

"तुझाच हाय."

बोलला खरा, पण चुलीपुढं. चावडीवर तेच बोलायला त्याची जीभ कधी उचलली नाही. गावात कोणी म्हणायचं, "आश्रुबा, तुझ्यासारखी धार तालुक्यात न्हाई." तो मान खाली घालून पाती पुसत बसायचा, आणि कातर बोथट झाली की गुपचूप बायकोपुढं नेऊन ठेवायचा.