दाराशी बसलेली होसियत

मार्गिलान शहरातल्या आमच्या गल्लीत बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जमतात. एकजण कादंबरी वाचते, बाकीच्या ऐकत सूर्यफुलाच्या बिया सोलतात. या हिवाळ्यातली कादंबरी किळसवाणी होती. त्यातला गोष्ट सांगणारा माणूस तळघरात उंदरांबरोबर राहतो, त्यांच्या उवा दातांनी मारतो, मेलेला उंदीर खिशात घालून फिरतो. ‘शी!’ म्हणायचं आणि पुढचं पान उलटायला लावायचं.

होसियत आपा आमच्या गल्लीतल्या मेलेल्या बायकांना न्हाऊ घालते. तिची आईही तेच करायची. नवरा रशियात गेला तो तिकडचाच झाला. मयत झाली की सगळे तिच्या दारी धावतात, एरवी तिच्या हातचं कोणी खात नाही.

एकदा भिंतीपलीकडून तिने मला विचारलं, “मी ऐकायला आले तर चालेल का गं? दाराशी बसेन. चहाचा पियाला माझा आणेन.”

पाळी रिसोलतची होती, म्हणून मी तिला विचारलं. “येऊ दे की,” ती म्हणाली, “माझ्या सासूला तिनेच न्हाऊ घातलं.”

होसियत आली. रिसोलत वाचू लागली. लोक त्या उंदीरवाल्याला लांबून भाकरी फेकतात, ते वाक्य तिने दोनदा वाचलं.

“बिचारा!” शेजारची ओयदिन डोळे पुसत म्हणाली. “काय एकेक माणसं असतात!”

मग चहा. आमच्यात एकच पियाला सगळ्यांत फिरतो. तो होसियतला चुकवून पुढे गेला. तिने स्वतःचा पुढे केला, तेव्हा रिसोलतने किटली उंच धरून धार सोडली. निम्मा चहा होसियतच्या मांडीवर सांडला.

“छान वाचतेस गं,” म्हणत ती उठली.

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच रिसोलतने होसियत बसली होती ती गादी दोन बोटांत धरून अंगणात फेकली. “आता धुवा ही!”

“पोरींना हात लावू देऊ नकोस हं,” ओयदिन म्हणाली. “बरं, वाच पुढे. उंदराचं काय झालं?”

 “शी!” म्हणत मी रिसोलतच्या हातातलं पुस्तक ओढलं.

“अगं ए, शेवट राहिलाय!” ओयदिन म्हणाली.

“राहू दे.”

पुस्तक घेऊन मी होसियतच्या अंगणात गेले, ती चहाने भिजलेला झगा पिळत होती.

“आपा, हे घे. शेवट वाच.”

“मी कधीच वाचलंय.”

“मग आलीस कशाला?”

“चारचौघींत बसून ऐकायचं होतं.”

मी तिच्या घरात जाऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले. उवांपाशी मला पुढे वाचवेना. होसियत तोंडावर रुमाल धरून हसत सुटली.

“थांबलीस काय? पुढे याहून घाण आहे!”