शेवंतीचा चढ

झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावून वैजयंती साळोखे घोड्यांच्या ट्रकमध्ये गवताच्या भाऱ्यांवर आडवी होते. बाहेर दुपार रणरणते आहे. घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा चालू आहे आणि मैदानावरचा भोंगा नावं पुकारतो आहे, आधी घोड्याचं, मग स्वाराचं. सिल्व्हर ॲरो. ब्लॅक प्रिन्स. असल्या साहेबी नावांच्या मेळ्यात तिच्या घोडीचं नाव शेवंती. सकाळी ते वाचताना पुकारणाऱ्या गृहस्थाला हसू आवरलं नाही, आणि माईक बाजूला घ्यायची तसदीही त्यानं घेतली नाही.

हसेनात का. घोडी आहेच तशी. आई टांग्याची, कोल्हापूरच्या स्टेशनबाहेर जन्म काढलेली. बाप एका बड्या फार्मवरचा परदेशी घोडा, ओझी ओढण्यासाठीच वाढवलेल्या जातीचा. लेकीनं दोघांचंही घेतलं. खूर परातीएवढे, मान जाडजूड, स्वभाव मात्र गरीब. घोडेस्वारीच्या क्लबातली मंडळी शर्यतीच्या रक्ताची सडपातळ घोडी बाळगतात. ही मंडळी शेवंतीला रोडरोलर म्हणतात आणि रोडरोलर कधी उडतो का, असं वैजयंतीला तोंडावर विचारतात. वैजयंती शाळेत खेळ शिकवते. आठवीतल्या मुलांपुढे उभं राहणाऱ्या बाईला असल्या टवाळीचं काय? कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होती तेव्हापासून तिला उड्यांचं वेड आहे, आणि ही घोडी उडेल हे तिनं मनाशी पक्कं केलेलं आहे.

अडचण एकच. शेवंती उडीचा बांबू पाडते. अडत नाही, बिथरत नाही. इमानानं धावत येते आणि शेवटच्या क्षणी मान खाली घालून छातीनंच आडव्या बांबूला धडक देते. क्लबाचे शिक्षक म्हणतात, अंगानं जड आहे, लगाम आवळून धरा. वैजयंती आवळते. घोडी आणखी जोरात पाडते.

तिच्या नवऱ्याचं, उदयचं म्हणणं सरळ आहे. त्याचा लग्नाच्या बग्गीचा धंदा, मोसम तोंडावर आलेला, आणि बग्गीला घोडी हवी. आज एकही बांबू न पाडता फेरी झाली तर शेवंती खोगिराखाली राहील. नाहीतर सोमवारी तिच्या अंगावर बग्गीचा साज चढेल, तो कायमचा. वैजयंतीनं हे कबूल केलं आहे. कबूल करताना तिची मान ताठ होती.

भोंगा पुकारतोच आहे. सिल्व्हर ॲरो. ब्लॅक प्रिन्स. रंकाळा. रंकाळा, रंकाळा, एक शीट ऱ्हायलंय, चला रंकाळा!

हा आवाज भोंग्याचा नाही. वैजयंती उठून बसते, तर ती स्वतःच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्यावर दूध तापतंय. फरशीच्या जागी मैदानावरची वाळू पसरली आहे आणि मधोमध टांगा उभा आहे, दांड्या जमिनीला टेकलेल्या. टांग्याच्या पुढच्या बैठकीवर मामा बसले आहेत, बशीतून चहा पीत.

मामा म्हणजे तिचे सासरे, गणपतराव साळोखे, गावातल्या शेवटच्या टांगेवाल्यांपैकी एक. सासऱ्यांना मामा म्हणायची त्यांच्या घरची रीत. शेवंतीला त्यांनीच हातानं वाढवलं, गाडीला लावलं. वैजयंतीनं पहिल्यांदा तिच्यावर खोगीर टाकलं तेव्हा त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. बोलणं पुन्हा नीट सुरू व्हायच्या आतच मामा गेले, आणि ही गोष्ट वैजयंतीला अजून सलते.

"मामा, तुम्ही तर गेलात," ती म्हणते.

"गेलो की. म्हणून काय च्या सोडायचा?" मामा बशी फुंकतात. "साखर कमी घातलीस व्हय गं?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आता डॉक्टर काय करतोय माझं!"

तिला हसू येतं आणि त्याच्या मागोमाग रडूही. दोन्ही आवरून ती साखरेचा डबा पुढे करते. ते चमचा न घेता चिमटीनं साखर घेतात, घरी नेहमी घ्यायचे तशी.

"माझ्या घोडीला काय शिकवायला लागलीस?" ते विचारतात. "टणाटणा उड्या?"

"तिला येतात उड्या."

"येत्यात, तर बांबू का पाडती?"

"तेच तर कळत नाही. तुम्ही सांगा."

"मला काय ठावं? आमची गाडी कवा बांबूवरनं गेली न्हाई." ते बशी खाली ठेवतात. "गाडीची घोडी हाय ती, वैजू. गाडीलाच ऱ्हाऊ दे."

"नाही राहू देणार."

ती हे इतक्या ठामपणे म्हणते, की ओट्यावरचं दूध उतू जायचं थांबतं. मामा बैठकीवरून तिच्याकडे वळतात. हयातीत ती त्यांना असं कधी बोलली नव्हती. बोलायला हवं होतं, असं तिला आत्ता वाटतं.

"बरं," ते म्हणतात. "घोडी कुठाय मग? जुंपू, बघू काय म्हणती."

वैजयंती दांड्यांकडे बघते. शेवंती तिथं नाही. दारातही नाही, मागच्या परड्यातही नाही.

"मग तूच लाग," मामा म्हणतात.

यात तिला काहीच वावगं वाटत नाही. ती दांड्यांमध्ये जाऊन उभी राहते. मामा खाली उतरून तिच्या छातीवरून साजाचा रुंद पट्टा आणतात. तो गार आहे, त्याला तेलाचा आणि घामाचा जुना वास आहे. बक्कल लावताना ते तोंडानं चुचकारतात, जसं शेवंतीला करायचे. मग लगाम हातात घेऊन वर चढतात. जिभेचा टकटक आवाज येतो, आणि वैजयंती निघते.

स्वयंपाकघर संपतं तिथं तिच्या शाळेचा व्हरांडा सुरू होतो. दोन्ही बाजूंना वर्गांची दारं, दारांत मुलं, आणि कुणीच हसत नाही. व्हरांडा हळूहळू वर चढत जातो. भिंतींचे कठडे होतात, कठड्यांपलीकडे पन्हाळ्याची झाडी दिसते. टांगा मागे ओढू लागतो. तेवढ्यात मामा लगाम आवळतात.

आवळल्याबरोबर तिचं अंग आपोआप समजतं. मान खाली जाते, छाती पट्ट्यावर रेलते, पाय जमिनीत रुततात, आणि चाकं वर सरकतात. कुणी शिकवावं लागत नाही. लगाम आवळला, म्हणजे चढ आला. रेट आणि ओढ. इतकी ताकद आपल्यात आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिला स्वतःचं कौतुक वाटतं.

"शाब्बास!" मागून मामा म्हणतात. "अशीच."

वळणापुढे रस्ता सपाट होतो आणि मध्येच आडवा बांबू येतो, लाल-पांढरा, मैदानावरचा. तो तिला लांबूनच दिसतो. किती उंच, कुठून पाय उचलायचा, सगळं कळतं. ती अंग गोळा करू लागते, आणि मामा लगाम आवळतात.

मान खाली जाते. बांबू दिसेनासा होतो. छाती पुढे रेलते आणि बांबू तिच्या छातीवर बसतो. भांडी पडल्यासारखा आवाज होतो.

"पाडलास!" मामा ओरडतात.

"तुम्ही आवळलंत!" वैजयंती तितक्याच जोरानं ओरडते.

"आवळनारच की! वर जायाचं आलं की आवळायचा. जलमभर आवळला."

"वर जायचं होतं, पण हा चढ नव्हता. उडी होती, मामा."

"मला सारखंच दिसतंय."

वैजयंती जागच्या जागी थांबते. छातीत दुखतंय, पण दुखण्याकडे तिचं लक्ष नाही. मामांना सारखंच दिसतं, आणि त्यांच्या हाताखाली वाढलेल्या शेवंतीला? प्रत्येक बांबूपुढे वैजयंती भीतीनं लगाम आवळत आली. शिक्षकांनी सांगितलं म्हणून जास्तच आवळत आली. आणि घोडीला तिच्या धन्यानं जे शिकवलं होतं तेच ती करत आली; मान खाली, छाती पुढे, रेट. तिला वाटत होतं, शेवंती चुकते. शेवंती ऐकत होती. एवढ्या इमानी जनावराला आपणही जड समजलो, याची तिला लाज वाटते, आणि त्याच वेळी अंगातून आनंदाची शिरशिरी जाते.

"मामा, सोडा," ती म्हणते.

"काय सोडू?"

"लगाम. पुढचा बांबू आला की सोडून द्या."

मामांचा आवाज एकदम म्हातारा होतो. "न्हाई गं. कवा सोडला न्हाई. उतारावर सोडला तर गाडी घोड्याच्या अंगावर येती. माणसं असत्यात गाडीत, लेकरं असत्यात."

"मागे बघा."

मामा मागे बघतात. टांगा नाही. उतारूंची बैठक नाही, कंदील नाही, चाकं नाहीत. मामा रस्त्यावर पायी उभे आहेत, पायांत नुसत्या वहाणा, आणि हातात तिचा लगाम. ते गोंधळलेले दिसतात. तिला त्यांची माया येते. हा माणूस गाडी ओढणाऱ्या जनावराचा भार उभा जन्म हातात धरून बसला, आणि ते धरणं म्हणजेच त्याची काळजी होती. तिच्याशी बोलणं टाकलं, तेही त्याच काळजीपोटी असेल.

"पडलीस म्हंजे?" ते विचारतात.

"पडले तर उठेन. पण पाडणार नाही."

समोर बांबू आहे. मघापेक्षा उंच. बाजूला क्लबाची मंडळी खुर्च्या टाकून बसली आहेत, तिच्याच स्वयंपाकघरातल्या बशांतून चहा पीत. वैजयंती धावू लागते. मामा बाजूनं धावतात, वहाणांचा फटफट आवाज येतो, धाप लागते. तिच्या मानेवर लगाम ताठ आहे. जवळ येतो बांबू, आणखी जवळ.

"मामा!"

चामडं त्यांच्या बोटांतून सुटतं. तिची मान मोकळी होते. सगळं दिसतं, बांबू, पलीकडची वाळू, वरचं आभाळ.

"राग नाही ना माझा?" ती ओरडून विचारते.

"उडी घे आधी! मग इचार!" मागून आवाज येतो, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटतात.

"वैजू. ए वैजू, ऊठ."

उदय तिचा खांदा हलवतो आहे. ट्रकमध्ये उकडतंय. केसांत गवत अडकलंय. बाहेर भोंग्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव चाललं आहे आणि दाराशी बांधलेली शेवंती शेपटीनं माश्या वारते आहे.

"आपली पाळी आली जवळ," उदय म्हणतो. "क्लबाचे सर परत सांगून गेलेत, आवळून धर म्हणावं."

"नाही. सोडणार आहे."

त्याचा चेहरा खुलतो, आणि खुलला म्हणून तो ओशाळतोही. "घोडी? बरं झालं बघ, तुझं तूच ठरवलंस."

"घोडी नाही. लगाम. बांबूपुढं लगाम सोडणार आहे."

"वेड लागलंय का तुला? एवढ्या मोठ्या घोडीचा लगाम..."

ती उठते आणि स्पर्धेचा काळा कोट चढवू लागते. हात वर केल्याबरोबर छातीत चुरचुरतं. शर्टाच्या उघड्या गळ्यातून एक रुंद लाल वळ दिसतो आहे, एका खांद्याखालून सरळ दुसऱ्या खांद्याखाली गेलेला, कडेला कातडी सोललेली. गवताच्या भाऱ्यांनी असा वळ उठत नाही.

उदय वाकून बघतो. जन्मापासून टांग्याच्या घरात वाढलेला माणूस. बघता बघता त्याचं बोट हवेतल्या हवेत त्या वळावरून फिरतं.

"साज ढिला बसला होता," तो सवयीनं बोलून जातो. "चढाला असंच घासतंय. हळद लाव..."

आणि मग त्याला कळतं आपण कुणाला काय सांगतोय.

"तुझ्या वडिलांनी बांधला होता," वैजयंती म्हणते. "त्यांनी लगाम सोडलाय, उदय. आता मी सोडते."

भोंग्यावर शेवंतीचं नाव येतं, आणि ह्या खेपेलाही पुकारणारा हसतो. वैजयंती कोटाचं वरचं बटण लावते, दुखतं तरी लावते, आणि खाली उतरून घोडीच्या तोंडाचा लगाम नुसत्या दोन बोटांत सैल धरते.