ढवळे सर आणि कुलूपबंद घरे

ढवळे सर बिनसाखरेचा चहादेखील ढवळून पीत. "वरचा घोट म्हणजे आख्खो कप न्हय गो," असे म्हणत त्यांचा चमचा किणकिणत राही. तो नाद आम्हाला तासाच्या घंटेआधी ऐकू येई. त्यांचे खरे आडनाव निराळे होते. हे आम्ही ठेवलेले, आणि त्यांनी ते पदवीसारखे मिरवले.

डिचोलीचे हे गृहस्थ आम्हाला अर्थशास्त्राच्या एम. ए.ला संख्याशास्त्र शिकवीत. मी कवितेत वाढलेली. फळ्यावरची ग्रीक अक्षरे मला ओल्या वाळूवरच्या खेकड्यांच्या पावलांसारखी दिसत. देखणी, पण कुठे निघाली आहेत ते न कळणारी. पहिल्याच सत्रात माझी मैत्रीण शालन अभ्यासक्रम सोडून गेली. दुसऱ्या सत्रात एका गावाची पाहणी करून अहवाल लिहायचा होता; तो फसला की मीही जायचे, हे मी ठरवून टाकले होते.

'शितावरून भाताची परीक्षा' असे कोणी म्हटले की सर उसळत. "शीत खंयचें? तळाचें की वयलें? आधी भात ढवळलो काय?"

काजूच्या ऐन हंगामात आम्ही मुली पार्से गावी लोकांचा रोजगार विचारत हिंडलो. बरीच घरे कुलूपबंद होती. ती वगळून आम्ही पुढची दारे ठोठावली. ओसरीवरच्या आज्यांनी कोकमाचे सरबत पाजले आणि आपण काहीच काम करीत नसल्याचे हसत सांगितले. मी सुबक अक्षरात निष्कर्ष लिहिला की, या गावात काजूवर कोणी राबत नाही.

तो वाचून सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाये, हंगामात पार्सेकर घरात बसून तुझी वाट बघतील? चल, सगळ्यांना बोलाव."

तिन्हीसांजेला ते आम्हाला पुन्हा तिथेच घेऊन गेले. डोंगरउतारावरून पिकल्या काजूबोंडांचा गोड, आंबूस, टाळूला चिकटणारा वास उतरत होता आणि त्याच्यामागून डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसे. एकेक कुलूप निघू लागले. रसाने चिकटलेली बोटे पदराला पुसत एक बाई म्हणाली, "सकाळीं कित्याक आयल्यात गो तुमी? तेन्ना आमी सगळीं डोंगरार!"

परतताना सर एवढेच बोलले, "जो भेटला नाही, त्याला आधी शोधायचं." त्या संध्याकाळी सूत्रांना पहिल्यांदा गंध आला. मी अहवाल नव्याने लिहिला, आणि टिकले.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात जो तो त्यांच्या शिकवण्याचे गोडवे गात होता. सर उठले. "तुम्ही सगळी टिकलेली माणसं. तुमच्या मताचं मी काय करू? सोडून गेलेल्यांना कोणी विचारलं?" सभागृह हसले. मला मात्र शालन आठवली.

ती आता वाळपईला शिवणवर्ग चालवते. मी फोनवर विचारले, तेव्हा म्हणाली, "सर मायाळू होते गो. पण फळा पुसायची केवढी घाई! मी समजून घेईपर्यंत सगळं साफ."

भीत भीत मी ते सरांना सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "इतक्या वर्षांत हे कोणी बोललंच नाही! पत्ता दे तिचा."

रविवारी शालनचा फोन आला, रागावलेला आणि हसरा. "अगो, सर सकाळपासून इथे! कापड बेतायच्या मेजावर खडूने सूत्र मांडून बसलेत. मी समजलं म्हणेपर्यंत पुसणार नाहीत म्हणतात, आणि बायका कात्र्या घेऊन खोळंबल्यात!"