मामाचा बिनपायाचा एक

आमचा मामा फॉन्ट बनवतो. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, "आणि पोटापाण्याचं काय?"

त्याचा नावाजलेला फॉन्ट इटॅलिक आहे. उजवीकडे झुकलेली, शेपट्या उडवणारी अक्षरं, टोकांना सेरिफच्या बारीक पट्ट्या. पुस्तकाचं मुखपृष्ठ, अत्तराची बाटली असं काही असलं की खुलतात. बारीक छापली की गिचमिड होते, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. पण इंग्रजी आकड्यांतल्या एकच्या पायाची पट्टी त्याने हौसेने काढून टाकली होती. "पट्टी असली की एक नुसता उभा राहतो. माझा चालतो," म्हणायचा. आम्ही चिडवायचो, माणूस नाकासमोर चालणारा आणि अक्षरं मात्र वाकडी.

परवा सकाळी आई दवाखान्याचं कार्ड घेऊन कौतुकाने त्याच्याकडे आली. "बघ, तुझीच अक्षरं!"

मामाने कार्ड भिंगाखाली धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, ही सांधेदुखीची गोळी आठवड्यातून किती दिवस लिहिलीय?"

आईने चष्मा सावरला. "सात."

"एक आहे तो! पायाची पट्टी नाही म्हणून सातासारखा दिसतोय. रोज घेतेयस?"

"नाही रे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं, आठवड्यातून एकदाच घ्या, जहाल आहे. नाहीतर घेतली असती."

मामाने कार्ड पुन्हा भिंगाखाली धरलं. मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. मग तो म्हणाला, "आणि बाकीचे?"

आम्ही दवाखान्यात धावलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "छान दिसतं म्हणून सगळीकडे हेच लावलं." आठ दिवसांत त्या गोळीची कार्डं आणखी एकोणीस जणांना गेली होती. डॉक्टरीणबाईंनी पेशंटचे नंबर साठवलेला काउंटरचा मोबाइल मामाच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसल्या. मामा एकेकाला विचारत होता, "गोळी किती दिवस घेतलीत?" एक गृहस्थ चार दिवस रोज घेत होते. त्यांना डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब बोलावून घेतलं.

अठरा जण सापडले. एकोणिसाव्या आजींचा फोन नुसता वाजत राहिला. पाचदा लावला.

"एकट्याच राहतात," काउंटरवरची बाई हळूच म्हणाली. "परवा आल्या तेव्हाच थकलेल्या दिसत होत्या."

"पत्ता द्या, मी जातो," मामा म्हणाला.

कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता. काउंटरवरच्या बाईने पत्त्यांची छापील यादी काढून दिली, तीही मामाच्याच अक्षरांत. गल्ली कळली. घराचा नंबर मात्र अकरा, सतरा, एकाहत्तर की सत्याहत्तर, काही केल्या कळेना. मामाने भिंग लावलं, कागद उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला. मग माझ्यापुढे केला. "तू बघ गं. मला माझंच वाचता येत नाहीये."

मलाही वाचता येईना.

"चारही दारं ठोठावू," तो म्हणाला. तोवर तो जिन्यापर्यंत पोचलाही होता.