दोन पाकिटांतला पासवर्ड

मार्चमधला दुसरा शनिवार. हजर: शाखेचे साहेब, सर्व्हर बसवणारे कंत्राटी तंत्रज्ञ आणि मी.

आमच्या जयपूरच्या विमा कार्यालयात डेटाबेसचा मुख्य पासवर्ड दोघांचा असतो. अर्धा साहेबांचा, अर्धा माझा, दोन बंद पाकिटांत. माझ्या संगणकावरून आम्ही तो ठरवला. चहानंतर पुन्हा टाकला, तर सर्व्हर घेईना.

"आपने ही कुछ छेड़ा होगा," साहेब तंत्रज्ञांना म्हणाले.

"साहब, मैंने हाथ भी नहीं लगाया. मॅडमजी से पूछिए."

"मैंने तो देखकर डाला था," मी म्हणाले.

तंत्रज्ञांनी सगळं पुन्हा बसवलं. संध्याकाळ झाली.

सोमवारी साहेबांनी मला तंत्रज्ञांविरुद्ध तक्रार लिहायला सांगितली, नेहमीसारखी हिंदीत. मी की-बोर्ड हिंदीवर घेतला आणि हात थांबला. शनिवारी सकाळीही मी हिंदी पत्र लिहीत होते. पासवर्ड ठरवताना की-बोर्ड हिंदीवरच होता, म्हणजे त्याच कळांनी वेगळी अक्षरं गेली होती. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. चहानंतर तो मीच इंग्रजीवर आणला होता.

तरी पत्र पूर्ण केलं. गेलंही. आता त्यांना आमच्याकडे पाठवत नाहीत.

'साहेबांना खरं सांगणे' हे काम मी रोज डायरीच्या नव्या पानावर उतरवते. आजही उतरवलं.