डबीत न आलेलं नाव

"श्श... पंखा," म्हणून काका एक बोट वर करायचे. मग घरातलं सगळं थांबायचं. पंखा बंद, नळ बंद, मिक्सर बंद, आणि मीही हातातलं भांडं तसंच धरून उभी. फ्रीजचीसुद्धा पिन काढायचे. एकदा ती परत लावायला विसरले आणि दूध नासलं. काकू चिडल्या, तर म्हणाले, "दूध उद्या मिळेल. आवाज नाही मिळायचा."

मी नवीन पनवेलला त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचे. घरात दोघंच, काका आणि काकू. मूलबाळ नव्हतं. काका बँकेतून रिटायर झालेले. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. पाव किलो वांगी घ्यायची तरी भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारणारी. आणि बायकोला जन्मात कधी नावानं हाक न मारणारी. काकूंना ते "अगं" म्हणायचे, नाही तर "ऐकलंस का". काकूंचं नाव सुलभा आहे, हे मला दारावरच्या पाटीवरून कळलं होतं.

एक दिवस आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला. "अगं, चष्मा कुठे ठेवलास?" थोडं थांबून पुन्हा, "अगं, चष्मा कुठे ठेवलास?" मी डोकावून बघितलं तर चष्मा नाकावरच होता, आणि काका भिंतीकडे तोंड करून एकटेच बोलत होते. मी घाबरून काकूंकडे पळाले.

"काकू, काकांना कायतरी झालंय. चष्मा नाकावर हाय नि चष्माच मागतायत."

काकू आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्यांच्या गळ्यात गाठ आहे गं. आवाजाची पेटीच काढून टाकणार आहेत. म्हणून आधी बोलणं भरून ठेवतायत."

माणसाचा हात कापतात, पाय कापतात, हे ऐकलं होतं. आवाज कापून काढतात हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्या गळ्याला हात लावून लावून मी त्या दिवशी पोळ्या लाटल्या.

काकांचं ठरलं होतं. रोजची वाक्यं कॉम्प्युटरमध्ये भरायची. पुढे एक एक बटण दाबलं की घरात तोच आवाज. लोक डॉक्टरांच्या मागे लागतात, हे माईकच्या मागे लागले. आधी सरळ कॉम्प्युटरला लागणारा माईक आणला. तो टेबलावर ठेवला की टेबलाचे ठोके त्यात यायचे, आणि काकांचा बसका आवाज मागे राहायचा. तो परत केला. मग दुकानात जाऊन, इंटरनेटवर वाचून, लोकांना फोन करून करून एक डबी आणली. एका बाजूनं तिच्यात चांगल्या माईकची वायर जायची, दुसऱ्या बाजूनं ती कॉम्प्युटरला लागायची.

"दुकानदार आठ भोकांची गळ्यात मारत होता," काका मला अभिमानानं म्हणाले. "मी म्हटलं, गाणारं टोळकं नाही आमच्याकडे. एक माणूस, एक भोक."

मला काय कळणार, पण ते मलाही सगळं समजावून सांगायचे. हा कान पिळला की आवाज वाढतो. हिरवा दिवा पेटला तर ठीक. लाल पेटला की आवाज फाटला. आणि हे छोटं बटण दाबलं की माईकला वीज जाते. "हे दाबलं नाही तर हा नुसता मुका," ते म्हणाले. मुका म्हटलं आणि त्यांनी ते बटण लगेच दाबून टाकलं.

एवढं करून चूक झालीच. पुष्कळ वाक्यं भरून झाल्यावर ऐकायला बसले, तर माझ्या कुकरची शिट्टी त्यांच्यापेक्षा मोठी. डबी लावली होती, पण कॉम्प्युटरला ते सांगायचं राहिलं होतं. तो आपल्याच पोटातल्या बारक्या माईकनं घर ऐकत बसला होता. काकांनी डोकं धरलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आवाज दिवसेंदिवस खरखरीत होत चाललेला. तेव्हापासून प्रत्येक वाक्य भरलं की ते ऐकून बघायचे, मगच पुढचं.

सगळं भरलं. चहा, औषध, पेपर, "लाईट घालव", "मीठ जास्त झालंय". एक दिवस काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझं नाव नाही घेतलंत."

"घरात आपण दोघं. अगं म्हटलं की तूच येतेस ना?"

"सगळ्या जगाच्या बायका अगंच असतात."

"लग्नात घेतलं होतं की."

"तेव्हा बँड वाजत होता. ऐकलंय कुणी?"

काका उठून गेले. काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण रोज ते खोलीत बसले की त्या काम टाकून दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्यांना तेवढंच एक हवं होतं, आणि ऑपरेशन जवळ आलं होतं.

दवाखान्यात जायच्या दिवशी बॅगा दारात ठेवलेल्या. काकांनी डबी आवरून ठेवली होती, ती पुन्हा काढली. काकूंना खुर्चीवर बसवलं, मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर घातले. मी स्वयंपाकघराच्या दारात ओटा पुसायचं फडकं घेऊन उभी. काका माईकजवळ वाकले. तोवर त्यांचा आवाज म्हणजे वाळल्या पानांसारखा झाला होता.

"यमू," ते म्हणाले. "यमू, इकडे ये गं."

यमू? ही कोण? बायकोला समोर बसवून, तिच्याच कानाला यंत्र लावून, हा माणूस भलत्याच बाईचं नाव घेतो? मी काकूंकडे बघितलं. त्या मान खाली घालून हसत होत्या. म्हणाल्या, "आलं हो ऐकू. छान आलं." काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी कॉम्प्युटर तसाच मिटला. पहिल्यांदाच भरलेलं ऐकून बघितलं नाही.

ते घरी आले तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरं कापड. मी चहा दिला. ओठ मिटलेले, आणि टेबलावरून त्यांचाच आवाज आला, "साखर बरोबर आहे." मी किंचाळलेच! काका पोट धरून हसले, आवाज न करता.

मग सवय झाली. "मीठ जास्त" भरलं होतं, "मीठ कमी" भरायचं राहिलं होतं. मीठ कमी पडलं की ते "मीठ जास्त झालंय" लावायचे आणि जोरजोरानं मान हलवायचे.

त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी नावाचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर आवाजाच्या जागी सरळ रेघ. त्या दिवशी डबी घाईनं पुन्हा लावताना माईकला वीज द्यायचं ते छोटं बटण दाबायचं राहिलं होतं. माईक मुका होता. काका कपाळावर मारून घ्यायला लागले. तोंड उघडत होतं, मिटत होतं, नुसती हवा. काकूंनी त्यांचे हात धरले.

"मला त्याच दिवशी ऐकू आलंय ना? मशीनला नाही आलं तर ते मशीनचं नशीब."

मी मोरीत भांडी घासत राहिले. मनात म्हटलं, काय ही बाई. सवतीचं नाव गिळून बसली.

काही वर्षांनी काका गेले. मी काकूंकडे जातच राहिले. एका दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. काकू एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी काय म्हणाले गं ते?"

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. "तुमी ऐकलंत ना काकू?"

"कुठलं? हेडफोनमध्ये चिडीचूप. कान घट्ट बंद, त्यातून डावा कान माझा आधीच अधू. मी मान वरही केली नव्हती. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला कसं सांगू, ऐकू आलं नाही म्हणून?" त्या माझ्याकडे वळल्या. "तू दारात होतीस."

"सोडा ना काकू."

"सांग."

"तुमचं नाव नवतं ते."

मेथीची जुडी तशीच हातात राहिली. "मग कुणाचं?"

मी खाली बघून सांगितलं, "यमू म्हनाले. यमू, इकडे ये गं."

मी वर बघितलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझं माहेरचं," त्या म्हणाल्या. "यमुना. लग्नात ताटातल्या तांदळांवर सुलभा लिहिलं, आणि ते नाव संपलं. हे मला बघायला आले होते तेव्हा बाबांनी आतून हाक मारली होती. यमू, इकडे ये गं. मी पोहे घेऊन बाहेर आले." मांडीवरची मेथी खाली सांडली. "तेव्हाचं त्यांच्या लक्षात होतं?"

मी सांडलेली मेथी गोळा करायला लागले. काकू उठल्या, आपला पाट उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवला, आणि उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"काकू, मला ते नाव मोठ्यानं घेता येत नाय."

"हळूच म्हण," त्या म्हणाल्या. "त्यांचाही आवाज तेव्हा बसलेलाच होता."